पाळी जाण्याच्या वयात शतावरी, जवस, अश्वगंधा : घ्यायचं तर कसं घ्यायचं

मागच्या मे महिन्यातली दुपार. बाहेर ४३ अंश, रस्ता ओस, आणि काउंटरवर एक ओळखीच्या बाई पदराने मान पुसत उभ्या. "ताई, अंगातनं नुसत्या वाफा निघायल्यात. उन्हाच्या का वयाच्या, तेच कळंना झालंय." पिशवीतून त्यांनी तीन गोष्टी काढून समोर मांडल्या : शतावरी चूर्णाचा डबा, बायकांसाठीच्या टॉनिकची बाटली आणि कागदात बांधलेली एक तपकिरी पावडर. त्या पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तिन्ही एकदम चालू होतं, वर बीपीची गोळी. डॉक्टरांना सांगितलंत का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "त्यांना कशाला सांगायचं? हे तर झाडपाल्याचं."

तेवीस वर्षं मी सोलापुरात औषधाच्या दुकानात बसते आणि हे वाक्य आठवड्याला एकदा तरी ऐकते. झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. माझी स्वतःची पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली, तेव्हा मीही शतावरी घेतली. पण ती औषध म्हणून घेतली : मोजून, लिहून ठेवून आणि डॉक्टरांना सांगून. ते कसं करायचं, हे इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

आधी खात्री, की हे पाळी जाणंच आहे

सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं म्हणतात. आपल्याकडे याचं सरासरी वय ४६-४७ आहे. त्याआधीची काही वर्षं पाळी मागेपुढे होते, कधी दोन महिने दांडी मारते, कधी पंधरा दिवसांत परत येते. वाफा, रात्रीचा घाम, झोपमोड, चिडचिड, सांधेदुखी, छातीत धडधड हे सगळं याच काळात सुरू होतं. शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झाल्यावर हळवा होतो. एरवी चालून जाणारी किंचितशी उष्णताही त्याला जास्त वाटते. मग कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा-मान लाल होते, घाम फुटतो आणि नंतर एकदम थंडी वाजते.

गोंधळ असा की थायरॉइड वाढला तरी घाम आणि धडधड होते. हिमोग्लोबिन कमी असलं तरी धाप लागते, थकवा येतो. साखर, बीपी, टीबी यांचीही लक्षणं यात मिसळतात. म्हणून कोणतंही चूर्ण आणण्याआधी बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एवढं तपासून घ्या. सिव्हिलला गेलात तरी चालेल. पंचेचाळिशीनंतर फक्त पाळी जात आहे का हे कळण्यासाठी महागडी हार्मोनची तपासणी बहुतेक वेळा लागत नाही, वय आणि लक्षणांवरून डॉक्टर ओळखतात. वय चाळिशीच्या आत असेल तर मात्र घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. एवढ्या लवकर पाळी गेली तर हाडं आणि हृदय यांचा प्रश्न असतो, आणि तो शतावरीने सुटत नाही.

पिशवी काढलेल्या बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि त्यावर समितीही नेमली गेली. पण ऐन तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका आपल्याकडेही काही कमी भेटत नाहीत. ऑपरेशनमध्ये बीजकोशही काढले असतील तर वाफा एका आठवड्यात, जोरात सुरू होतात. कागदपत्रं शोधा आणि नेमकं काय काढलं ते डॉक्टरांकडून समजून घ्या. पंचेचाळिशीच्या आत बीजकोश गेले असतील तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं ही तुमची पहिली पायरी आहे.

आणि एक. पाळी मागेपुढे होते म्हणून दिवस राहत नाहीत असं नाही. पन्नाशीच्या पुढे पाळी बंद झाल्यावर एक वर्ष, आणि पन्नाशीच्या आत बंद झाली तर दोन वर्षं, काळजी घ्यावी लागते.

दोन आठवडे फक्त लिहायचं

या पायरीला बायका कंटाळतात, पण बाकी सगळं हिच्यावर उभं आहे. शाळेची शंभर पानी वही घ्या. रोज चार गोष्टी लिहा : दिवसा किती वाफा आल्या, रात्री घामाने किती वेळा जाग आली, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, आणि त्या दिवशी ऊन कसं होतं. लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात रेघा मारा. आमच्या दुकानात येणाऱ्या एक आक्का विड्या वळता वळता जशी वाफ येईल तसा एक तेंदूपानाचा तुकडा डबीत टाकायच्या आणि रात्री मोजायच्या. तेही चालतं.

ऊन का लिहायचं? सोलापुरातली बाई एप्रिल-मेमध्ये कावते, गच्चीवर झोपूनही झोप लागत नाही, आणि मग कोणीतरी सांगितलेलं चूर्ण वीस-पंचवीस मेला सुरू करते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, हवा बदलते, वाफा कमी होतात, आणि श्रेय चूर्णाला जातं. पुढे ते चूर्ण दोन वर्षं चालू राहतं आणि शेजारच्या चार घरांतही जातं. म्हणून नवीन उपाय सुरू करायचा तर ऋतू पालटताना नको. जुलै-ऑगस्टमध्ये किंवा डिसेंबरमध्ये, हवा दोन-तीन महिने साधारण एकसारखी राहणार असेल तेव्हा सुरू करा.

दुसरं कारण असं की वाफा आपोआपही कमी-जास्त होतात. ज्या ज्या अभ्यासांत बायकांच्या एका गटाला खरं औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं निरुपद्रवी काहीतरी दिलं गेलं, त्यांतल्या अनेकांत दुसऱ्या गटाच्या वाफाही पाव ते निम्म्याने कमी झाल्या. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. काळ जातो, आपण काहीतरी करतो आहोत याने धीर येतो, झोप सुधारते. म्हणून "मला बरं वाटलं" एवढ्यावर न थांबता आकडा हाताशी असू द्या.

हे दोन आठवडे रात्रीची सोय तेवढी बदला. जाड सोलापुरी चादर एकच न घेता दोन पातळ सुती चादरी घ्या, म्हणजे घाम आला की एक बाजूला सारता येते. उशीवर टर्किश टॉवेल पसरा, तो ओला झाला की उलटा करायचा. संध्याकाळी सहानंतर चहा बंद. मिश्री लावत असाल तर ती सोडायचा प्रयत्न आत्तापासून करा. तंबाखू हाडांना वाईटच आहे आणि धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी लवकर जाते हे नक्की माहीत आहे. तिखटाबद्दल मात्र सरसकट बंदी मी घालणार नाही. शेंगाचटणीने कोणाला वाफ येते, कोणाला अजिबात नाही. वही सांगेल तसं करा.

पोटात काय काय जातं त्याची यादी

वहीच्या शेवटच्या पानावर सगळं लिहा : बीपीची, साखरेची, थायरॉइडची, झोपेची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, कॅल्शियम, होमिओपॅथी, काढे, पुड्या, च्यवनप्राश, नातेवाइकांनी पुण्याहून पाठवलेल्या कॅप्सूल. ही यादी डॉक्टरांना दाखवायची. ओरडतील ही भीती मला माहीत आहे. ओरडले तरी दाखवा, कारण रक्तात साखर का उतरली किंवा बीपी का वाढलं याचं उत्तर त्या पानावर असू शकतं.

स्तनाचा, गर्भाशयाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर होऊन गेला असेल, टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी चालू असेल, यकृताचा आजार असेल, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, फिट्स येत असतील, तर औषधी वनस्पती स्वतःच्या मनाने घेऊच नका. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी सगळे काढे-कॅप्सूल बंद करून भूलतज्ज्ञांना तसं सांगा.

सुरुवात स्वयंपाकघरातून

जवस आपल्याकडे नवा नाही. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, शेंगाचटणी यांच्याशिवाय कडक भाकरीला चव नाही. जवसात लिग्नान नावाचा घटक असतो, आतड्यातले जंतू त्याचं इस्ट्रोजेनशी थोडंफार साम्य असलेल्या घटकात रूपांतर करतात. म्हणून त्यावर मोठी आशा होती. अमेरिकेत एका छोट्या चाचणीत चांगला परिणाम दिसला, पण २०१२ मध्ये १८८ बायकांवरच्या नीट चाचणीत जवसाची वडी आणि बिनजवसाची वडी खाणाऱ्यांत फरक निघाला नाही. त्यामुळे वाफा थांबतील या अपेक्षेने जवस खाऊ नका. खायचा तो बद्धकोष्ठता आणि कोलेस्टेरॉल यांसाठी, आणि या वयात दोन्ही प्रश्न खरे आहेत.

पद्धत : मंगळवारच्या बाजारातून पाव किलोच आणा. निवडून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करून जाडसर कुटा. अख्खा जवस तसाच बाहेर पडतो, त्याचा उपयोग नाही. कुटलेला जवस हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये, दहा-बारा दिवस पुरेल एवढाच. उन्हाळ्यात बाहेर ठेवला की तेल खवट होतं. रोज एका चमच्याने सुरुवात करून दोन मोठ्या चमच्यांपर्यंत जा, आणि प्रत्येक वेळी वर भांडंभर पाणी. पाणी कमी पडलं तर जवस पोटात फुगून उलट त्रास होतो. गोळ्या आणि जवस यांत दीड-दोन तासांचं अंतर ठेवा.

सोयाबीनचं पारडं जवसापेक्षा थोडं जड आहे. त्यातल्या आयसोफ्लेव्होन या इस्ट्रोजेनशी साम्य असलेल्या घटकामुळे काही बायकांच्या वाफा काही प्रमाणात कमी होतात. काही अभ्यासांत फरक दिसतो, काहींत नाही. सगळ्यांना सारखा गुण न येण्याचं एक कारण म्हणजे या घटकाचं पुढे इक्वॉल नावाच्या जास्त प्रभावी रूपात बदल करणारे जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. आपल्या जिल्ह्यात, बार्शीकडे तर विशेष, सोयाबीन शेतातच उभं असतं, पण घरात फारसं शिजत नाही. रोज साधारण पंचवीस-तीस ग्रॅम कोरडं सोयाबीन पुरतं. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरला चांगल्या शिट्ट्या देऊन उसळ करा. किंवा भाजून, गव्हात किलोला शंभर ग्रॅम या प्रमाणात दळून आणा, म्हणजे पोळीतून थोडं थोडं जाईल. कच्चं सोयाबीन पचत नाही, गॅस धरतो. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर सोयाबीन निदान चार तासांनी. आणि आयसोफ्लेव्होनच्या तीव्र कॅप्सूल वेगळ्या, उसळ वेगळी. मी उसळीबद्दल बोलते आहे.

सब्जा, धण्याचं पाणी, कोकम सरबत, ताक यांचा हार्मोनशी संबंध नाही. पण सोलापूरच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालं की धडधड आणि गरगर वाढते, त्यामुळे ही पेयं घ्याच. साखर बेतानं, आणि बीपी असेल तर ताकातलं मीठही. मेथीदाणे घेणाऱ्या बायकांनी एवढं लक्षात ठेवावं की मेथी साखर उतरवते. मधुमेहाच्या गोळीबरोबर रोज चमचाभर मेथी सुरू केली तर साखर तपासत राहा.

शतावरी

शतावरी ही वेलीची मुळी. आयुर्वेदात बायकांच्या औषधांत तिचं स्थान जुनं आहे, पण पाळी जाण्याच्या त्रासावर मोठ्या, नीट चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. गुण आलाच तर सौम्य येईल, असं धरून चाला.

चूर्णाचा नेहमीचा डोस दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. मी ३ ग्रॅमने, रात्री कोमट दुधातून सुरुवात केली होती. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण २ ते ३ ग्रॅम, पण चमचे सारखे नसतात. सोनाराकडे किंवा किराणा दुकानात एकदा वजन करून त्या चमच्यावर खूण करून ठेवा. माझ्या वहीप्रमाणे आठ आठवड्यांनी दिवसाच्या वाफा नऊवरून सहावर आल्या, रात्रीची झोप तशीच राहिली. एवढ्यात शतावरीचा वाटा किती हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून तो आकडा जसा होता तसा दिला.

शतावरी चूर्ण आणि शतावरी कल्प या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. कल्पात साखरच जास्त असते. दुकानात येऊन "कल्पच द्या, चव चांगली" म्हणणाऱ्या बाईला मी आधी साखर आहे का विचारते. रोज दोन वेळा दोन-दोन चमचे कल्प म्हणजे मधुमेही बाईने रोज साखर खाल्ल्यासारखंच आहे. याशिवाय शतावरीने लघवीचं प्रमाण वाढू शकतं, त्यामुळे पाणी काढणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. आणि इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या गाठी असतील तर नकोच.

अश्वगंधा

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत शंभरेक बायकांना आठ आठवडे दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क किंवा नकली कॅप्सूल दिली गेली, आणि अश्वगंधा घेणाऱ्यांची लक्षणं जास्त कमी झाली. एकच छोटी चाचणी म्हणून हा पुरावा पक्का नाही. झोप आणि मनावरचा ताण यांवर तिचा उपयोग होतो असं इतर अभ्यासांतही दिसतं, त्यामुळे जिची मुख्य तक्रार झोपेची आहे तिने वैद्यांना विचारून बघायला हरकत नाही.

पण अश्वगंधेची भीती मला शतावरीपेक्षा जास्त वाटते. तिच्यामुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी जगभर झाल्या आहेत. थायरॉइडची पातळी ती वाढवू शकते, म्हणजे थायरॉइड आधीच वाढलेलं असेल तर धडधड आणि घाम आणखी. झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर गुंगी दुप्पट. यंत्रमागावर किंवा शिलाई मशीनवर रात्रपाळी करणाऱ्या बाईने हे गंभीरपणे घ्यावं. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदीच घातली. आपल्याकडे ती सर्रास मिळते, म्हणून नियम आपणच पाळायचा : वैद्यांना विचारून, आठ ते बारा आठवडे, त्यापुढे नाही, आणि सुरू करण्याआधी यकृत व थायरॉइड तपासून.

ज्यांच्यापासून लांब राहायचं

ब्लॅक कोहोशच्या कॅप्सूल आता मोबाइलवरून मागवता येतात. ही अमेरिकेतली वनस्पती. २०१२ मधल्या मोठ्या आढाव्यात तिच्या उपयोगाला पुरेसा आधार सापडला नाही, आणि ब्रिटनमध्ये २००६ पासून तिच्या वेष्टनावर यकृताच्या त्रासाचा इशारा छापावा लागतो. इव्हनिंग प्रिमरोज तेलाचाही वाफांवर भरवशाचा उपयोग दिसलेला नाही.

गुळवेलीचा काढा करोनाच्या काळात घरोघर शिजला आणि काही घरांत अजून चालू आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकली असू शकते असं म्हटलं. वेल ओळखण्यात चूक होणं हाही तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी धोकाच आहे. थायरॉइडसारखा स्वयंप्रतिकाराचा आजार असेल तर गुळवेल नको. हळद भाजीत घाला, पण मिरीच्या अर्काबरोबरच्या हळदीच्या तीव्र कॅप्सूल नकोत, त्यांनीही यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. ज्येष्ठमध रोज घेतलं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि या वयात पुष्कळ बायकांचं बीपी तसंच काठावर असतं.

अशोकारिष्टाबद्दल थोडं कळकळीने. ते जास्त रक्तस्रावावर देतात. आमच्या गल्लीतल्या एका मावशींची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, मग अंगावरून थोडं थोडं जायला लागलं. परत पाळी आली समजून त्यांनी चार महिने अशोकारिष्ट घेतलं. गर्भाशयाच्या आतल्या थराचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आज त्या बऱ्या आहेत, पण ते चार महिने गेलेच. बारा महिने पाळी बंद राहिल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात सोनोग्राफीला जायचं. तोवर काहीही घ्यायचं नाही. शिवाय आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं मद्यार्क असतं, यकृताचा आजार असलेल्यांनी तेही ध्यानात ठेवावं.

विकत घेताना

मधल्या मारुतीच्या भागात खरेदीला गेलं की काष्ठौषधीच्या दुकानातून सुटी मुळी आणणं स्वस्त पडतं. पण वाळवून कुटल्यावर कोणतीही मुळी तपकिरीच दिसते. अशोकाच्या सालीच्या नावाखाली बंगल्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच, सरळ झाडाची साल खपवली जाते, हे तर या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. म्हणून सुटं नको, सीलबंद घ्या.

डब्यावर काय बघायचं : घटकांची यादी वजनासह, आयुर्वेदिक औषध बनवण्याच्या परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, उत्पादकाचा पत्ता. चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा खात्याचा) क्रमांकच फक्त असेल तर ते कायद्याने खाद्यपूरक आहे, औषध नाही, मग त्यावर 'मेनोपॉज केअर' कितीही मोठ्या अक्षरांत असो. "पाळीचे सर्व विकार मुळापासून बरे" अशी जाहिरात दिसली तर ते उत्पादन तिथेच ठेवा. पाळीचे विकार दुरुस्त करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने मुळातच बेकायदा आहे.

घटकांत भस्म, पारद, गंधक, हिंगूळ, रस असे शब्द दिसले तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. पाळी गेल्यावर हाडं झिजायला लागतात आणि आधीच हाडांत साठलेलं शिसंही रक्तात उतरतं, म्हणून या वयात त्यात आणखी भर नको.

आणि बिननावाची पुडी. सांधेदुखीवर चार दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा गोल होतो, वजन वाढतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. ती मेमधली बाई आठवते ना? तिची तपकिरी पुडी महिनोन्‌महिने चालू होती, म्हणून मी तिला ती एकदम बंद न करता पुडी घेऊनच डॉक्टरांकडे पाठवलं. स्टिरॉइड असेल तर अचानक थांबवणंही जिवावर बेततं.

सुरू कसं करायचं, थांबायचं कधी

एका वेळी एकच वनस्पती. तीन औषधींच्या मिश्रणाने पुरळ उठलं तर दोषी कोण, आणि बरं वाटलं तर गुण कुणाचा, हे कळायला मार्ग राहत नाही. पहिले पाच दिवस अर्धा डोस, मग पूर्ण. आठ आठवडे रोज वही. आठव्या आठवड्याची सरासरी सुरुवातीच्या दोन आठवड्यांशी ताडून बघा. निदान तिसऱ्या हिश्श्याने फरक पडला नसेल तर बंद, आणि दोन आठवडे मध्ये सोडून हवं तर दुसरं. डोस वाढवत नेण्याचा मोह टाळा.

अन्नावरची वासना उडणं, मळमळ, लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे, अंगभर खाज यांपैकी काहीही दिसलं तर पुढचा डोस घ्यायचा नाही. डबा सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि यकृताची तपासणी करा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तुम्ही स्वतः करू शकता. छातीत दुखणं, एकाच पायाला सूज, स्तनात गाठ यांसाठी वहीबिही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

जे कोणी बोलत नाही ते

खालच्या जागी कोरडेपणा, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीला लागणं. बायका हे नवऱ्यालाही सांगत नाहीत आणि काउंटरवर पुरुष उभा असेल तर परत जातात. इथे कोणताही काढा, तूप, कोरफडीचा ताजा गर आत लावू नका, जंतुसंसर्ग होतो. मेडिकलमध्ये पाण्याचं वंगण मिळतं, ते वापरा. वाफा काळाबरोबर ओसरतात, कोरडेपणा सहसा वाढत जातो, आणि त्यावर डॉक्टरांनी दिलेलं इस्ट्रोजेनचं मलम उत्तम काम करतं.

झाडपाला पुरत नसेल तेव्हा

दिवसाला दहा-बारा वाफा, रात्री चार वेळा कपडे ओले, सकाळी कामावर जायची ताकद नाही, अशी अवस्था असेल तर शतावरीची वाट बघत बसू नका. वाफांवर सगळ्यात परिणामकारक उपाय हार्मोन थेरपी हाच आहे. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, आणि कॅन्सर, रक्ताची गुठळी, हृदयविकार असा इतिहास नसेल तर बहुतेक बायकांना ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येते. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी हार्मोनविरहित गोळ्याही आहेत. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये वनस्पतींचे उपाय वाफांसाठी शिफारसयोग्य नाहीत असंच म्हटलं. हे मी लपवून ठेवणार नाही, कारण डॉक्टर तुम्हाला तेच सांगतील, आणि त्यात ते तुमच्या आजीच्या शहाणपणाचा अपमान करत नसतात. मन फार खचत असेल, रडू आवरत नसेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

वर्षातून एकदा बंद करून बघायचं

अश्वगंधा सोडून एखादी वनस्पती लागू पडली, तपासण्या बऱ्या आहेत, डॉक्टरांची हरकत नाही, तरी ती कायमची नको. ज्यांना वरचेवर वाफा येतात त्यांतल्या निम्म्या जणींना सात वर्षांहून जास्त त्रास होतो असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, पण बाकीच्या निम्म्यांचा त्याआधीच थांबतो. तुमच्या कधी थांबल्या हे चूर्ण चालू असताना कळणार नाही. म्हणून हवा थंड आणि स्थिर असते तेव्हा, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, चूर्ण बंद करा आणि तीच वही पुन्हा चार आठवडे लिहा. वाफा परत वाढल्या तर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. वाढल्या नाहीत तर डबा परत विकत आणू नका.

माझा डबा मी गेल्या जानेवारीत बंद केला. चार आठवड्यांची सरासरी आली दिवसाला दोन. मे महिन्यात ती पाच झाली, पण वहीत त्याच पानावर ४४ अंश लिहिलेलं आहे.